सैनिकाच्या माघारी: फॅमिली पेन्शन, उपचार आणि मुलांचं शिक्षण मिळवण्यासाठी घरच्यांनी करायची कामं

वडिलांची एक काळी पत्र्याची ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. ते गेल्यावर चौदाव्या दिवशी आम्ही ती उघडली. मेणकापडात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक (फौजेतल्या सेवेचा दाखला), घडीवर फाटायला आलेली पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत, दोन पदकं, जुनी पासबुकं. सगळं जागच्या जागी होतं. पण पीपीओवर आईचं जे नाव होतं त्याला ‘बाई’ नव्हतं, आधार कार्डावर होतं. आणि जन्मतारखेची जागा कोरी होती. एवढ्यापायी आईची पेन्शन सुरू व्हायला आठ महिने गेले. वडिलांनी हवालदार म्हणून इमानेइतबारे नोकरी केली होती, हक्क शंभर टक्के होता, तरी आठ महिने.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याच घरांचे कागद मी करून दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी अशा घरटी फौजी असलेल्या गावांत ही माहिती पारावर मिळते. ज्या गावात एकच माजी सैनिक होता, तिथल्या बाईला सांगणारं कोणी नसतं. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे, आणि तिच्या मुलामुलींसाठी.

सैनिक हयात असतानाच करायचं काम

सर्वांत मोठं काम हेच आहे, म्हणून यावर जास्त लिहिते. वडील, आजोबा किंवा नवरा माजी सैनिक असतील तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसा आणि चार कागद एका ओळीत मांडा: डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि बँकेचं पासबुक. मग पत्नीचं नाव चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते पाहा. मराठीत नव्हे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये पाहा, कारण संगणकाला तेच कळतं. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलण्याची रीत. रेकॉर्डमध्ये माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आधारवर ‘बाई’ किंवा ‘ताई’ जोडलेलं, मतदार यादीत आणखी तिसरंच. घरात सगळ्यांना ठाऊक असतं की बाई एकच. सरकारी कागदाला ते सिद्ध करून दाखवावं लागतं.

फरक आढळला तर दुरुस्ती सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायची. फौजेतल्या प्रत्येक शाखेचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, ईएमईचं सिकंदराबादला, सिग्नल्सचं जबलपूरला, एएससीचं बंगळूरला. नौसैनिकांचं काम मुंबईतल्या कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं, हवाईदलाचं दिल्लीच्या सुब्रतो पार्कला. अर्जावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पीपीओ नंबर ठळक लिहायचा. सोबत आधारची प्रत आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र. नावातला फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव बदलल्याची प्रसिद्धीही मागतात. दुरुस्ती मान्य झाली की सुधारित पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम पीपीओ म्हणतात. तो हातात पडेपर्यंत काम झालं असं समजू नका. ‘पत्र पाठवलंय’ म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मुलांची नावं आणि जन्मतारखाही याच वेळी तपासा. नोकरीत असताना लग्न आणि मुलांच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने, होते. निवृत्तीनंतर झालेलं मूल, दुसरं लग्न, दत्तक मूल या गोष्टी हमखास राहून जातात. घरात अपंग मूल असेल तर ही नोंद फार महत्त्वाची. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. त्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आई-वडील असतानाच नोंदवून ठेवा. हे काम मागे उरलेल्या भावंडांवर सोडू नका.

दुसरी गोष्ट बँकेची. पेन्शनचं खातं पती-पत्नीचं जोड खातं असावं, आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा पद्धतीचं असावं. नवरा गेल्यावर त्याच्या एकट्याच्या नावचं खातं गोठतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात पैशाची गरज असते.

तिसरं काम ‘स्पर्श’चं. संरक्षण पेन्शनची सगळी व्यवस्था आता या ऑनलाइन प्रणालीवर आहे, आणि प्रयागराजच्या मुख्य पेन्शन कार्यालयातून पैसे थेट खात्यात येतात. पूर्वी बँकेतल्या साहेबाला विचारून कामं व्हायची, आता ती बँकेच्या हातात राहिलेली नाहीत. स्पर्शचं लॉगिन, पासवर्ड आणि कोणता मोबाइल नंबर जोडलाय हे पत्नीला माहीत हवं. नातवाचा नंबर जोडलेला असतो, नातू नोकरीला पुण्याला जातो, सिम बदलतो, आणि ओटीपी येणं बंद होतं. असं मी चार घरांत तरी पाहिलंय.

पहिले पंधरा दिवस

दुःखाच्या घरात कागदांचं बोलणं नको वाटतं. तरी एक गोष्ट लगेच करा: मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झाली की सोपी जाते, उशीर झाला की परवानग्या लागतात. दाखल्यावर नाव सैनिकाच्या रेकॉर्डमध्ये आहे तसंच लिहून घ्या. गावात ‘आबा’ म्हणून ओळखले जायचे म्हणून कोणी ‘आबासाहेब’ लिहून टाकतं आणि पुढची सहा महिन्यांची धावपळ विकत घेतं. दाखल्याच्या सात-आठ सहीशिक्क्याच्या प्रती एकदमच घ्या.

मग स्पर्शवर मृत्यू कळवायचा. स्वतः जमत नसेल तर जवळचं सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांचं) केंद्र, स्पर्श सेवा केंद्र असलेली बँक शाखा किंवा डीपीडीओ, म्हणजे संरक्षण पेन्शन वाटप कार्यालय, हे करून देतं. लागणारे कागद: मृत्यूचा दाखला, पीपीओ, पत्नीचं आधार आणि पॅन, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. पत्नीचं नाव पीपीओत आधीच असेल आणि आधारशी जुळत असेल तर पुढचं बहुतेक आपोआप सरकतं. नसेल, तर फाइल रेकॉर्ड ऑफिसकडे जाते आणि वर सांगितलेली सगळी दुरुस्ती विधवेला एकटीला करावी लागते.

एक चूक आवर्जून टाळा. मृत्यू कळवायला उशीर झाला तर वडिलांची पेन्शन खात्यात येतच राहते, आणि घरच्यांना वाटतं आईची सुरू झाली. ते पैसे नंतर वसूल होतात. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतची, आणि फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासूनची, असा हिशेब आहे. काम उशिरा झालं तरी मधल्या महिन्यांची थकबाकी मिळते, ती बुडत नाही. सैनिकाचीच काही रक्कम येणं बाकी असेल तर तीही वारसाला मिळते, त्यासाठी ‘लाइफ टाइम एरिअर्स’चा अर्ज वेगळा करावा लागतो.

याच दिवसांत रेकॉर्ड ऑफिसला मृत्यू कळवताना विम्याबद्दलही विचारा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं निवृत्तीनंतरचं विमा संरक्षण ठराविक वयापर्यंत चालू असतं. सैनिक तुलनेने कमी वयात गेला असेल तर ही रक्कम मिळू शकते आणि पुष्कळ घरांना त्याचा पत्ताच नसतो.

किती पेन्शन बसेल

‘नवरा गेला की पेन्शन निम्मी होते’ असं सगळीकडे ऐकू येतं. हिशेब तसा नाही. सैनिकाची स्वतःची पूर्ण पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के असते. साधी फॅमिली पेन्शन त्याच वेतनाच्या ३० टक्के. हिशेबाचं वेतन ५०,००० रुपये धरलं, तर त्याची पेन्शन २५,००० आणि तिची १५,०००. त्यावर महागाई भत्ता वेगळा. मूळ फॅमिली पेन्शन महिना ९,००० रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही.

पण निवृत्त सैनिक ६७ वर्षांचा व्हायच्या आत गेला तर काही काळ वाढीव दर मिळतो: मृत्यूपासून ७ वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. या काळात ३०ऐवजी ५० टक्के, फक्त ती रक्कम त्याच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त होत नाही. वरच्याच उदाहरणात तो ६४व्या वर्षी गेला असेल, तर पहिली ३ वर्षं २५,००० आणि पुढे १५,०००. तो ४५व्या वर्षी गेला असेल तर पूर्ण ७ वर्षं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वाढीव दर १० वर्षं चालतो. ही तारीख घरात लिहून ठेवा, नाहीतर एका महिन्यात अचानक पेन्शन कमी येते आणि बाईला वाटतं काहीतरी चुकलं.

मृत्यू लष्करी सेवेमुळे झाला असेल, किंवा सेवेमुळे आजार बळावून झाला असेल, तर विशेष फॅमिली पेन्शन असते, ती वेतनाच्या ६० टक्के. युद्धात किंवा शत्रूविरुद्धच्या कारवाईत वीरमरण आलेल्याच्या पत्नीला उदारीकृत फॅमिली पेन्शन, म्हणजे पूर्ण १०० टक्के. सैनिकाला अपंगत्व पेन्शन मिळत होती आणि तो त्याच आजाराने गेला, तर विधवेने साध्या पेन्शनवर गप्प बसू नये. दवाखान्याचे कागद आणि मृत्यूचं कारण दाखवणारं प्रमाणपत्र जोडून विशेष दराची मागणी करावी.

वडिलांनी निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकला असेल, ज्याला कम्युटेशन म्हणतात, तर त्याची कपात आईच्या फॅमिली पेन्शनमधून होत नाही. वन रँक वन पेन्शन, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन, १ जुलै २०१४पासून लागू झाली, आणि नंतर २०१९ व २०२४च्या १ जुलैपासून दर सुधारले. त्याचा फायदा फॅमिली पेन्शनलाही आहे, तेव्हा हुद्द्यानुसारचा नवीन दर लागला का हे स्पर्शवरच्या पेन्शन स्लिपमध्ये बघा.

आईनंतर हक्क मुलांकडे जातो. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा लग्न अगर कमाई सुरू होईपर्यंत. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी आई-वडिलांवर अवलंबून असेल तर २५नंतरही पात्र ठरू शकते, फक्त तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. माहेरी परतलेल्या कितीतरी लेकींना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

हयातीचा दाखला

पेन्शनधारक हयात असल्याचा हा दाखला द्यायचा दर नोव्हेंबरात. वय ८०च्या पुढे असेल तर ऑक्टोबरपासूनच देता येतो. वडील देत होते म्हणून आईचा झाला असं होत नाही, तिचा दाखला तिच्या स्वतःच्या पीपीओवर द्यावा लागतो.

इथं एक अडचण हमखास येते. आईने जन्मभर शेतात भांगलण केली, तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. मशीनवर अंगठा उठेचना. केंद्रवाला म्हणाला, ‘आजी, तेल लावून पुसा.’ दहादा पुसलं, तरी नाही. चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, करता येतो हे त्या दिवशी कळलं. मोबाइलवर जीवन प्रमाणचं आणि आधारच्या चेहरा ओळखीचं अशी दोन्ही अॅप घ्यायची, म्हातारीला उजेडात बसवायचं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं. घरच्या ओसरीवर पाच मिनिटांत झालं.

ईसीएचएस: उपचारांचं कार्ड

माझ्या मते पेन्शनखालोखाल मोलाची गोष्ट हीच. १ एप्रिल २००३पासून सुरू झालेली ही आरोग्य योजना निवृत्त सैनिक, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं व आई-वडील यांच्यासाठी आहे. फॅमिली पेन्शन घेणारी विधवा स्वतः मुख्य सदस्य होते. नवऱ्याच्या नावचं जुनं कार्ड तसंच वापरत राहू नका. मृत्यू कळवून तिच्या नावाचं नवीन कार्ड मागा.

नवऱ्याने कधी सदस्यत्वच घेतलं नसेल तरी फॅमिली पेन्शनधारक विधवेला ते घेता येतं. एकदाच भरायची वर्गणी हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजरसाठी ६७,००० आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये आहे. १ जानेवारी १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्ध विधवांना ती माफ आहे.

नेहमीचं आजारपण असेल तर आधी पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना), तिथून रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, मग पॅनेलवरचं, म्हणजे योजनेच्या यादीतलं, रुग्णालय. हा क्रम सोडला की बिल अडकतं. तातडीच्या वेळी मात्र पॅनेलवरच्या रुग्णालयात थेट न्या, कार्ड दाखवा, रेफरल नंतर होतं. रात्री अपरात्री जे पहिलं रुग्णालय दिसेल तिथे न्यावं लागलं आणि ते पॅनेलवर नसेल, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. आधी पैसे आपल्याला भरावे लागतात, परतावा ठरलेल्या सरकारी दरानेच मिळतो, म्हणून प्रत्येक बिल आणि डिस्चार्जचा कागद मूळ प्रतीत जपा. जवळची पॅनेलवरची दोन-तीन रुग्णालयं आणि पॉलिक्लिनिकचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. आमच्या घरी तो देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर आहे, कारण आईला तिथेच आधी दिसतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय

लोक अजून याला ‘सैनिक बोर्ड’च म्हणतात. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी. विधवेचं ओळखपत्र इथे मिळतं. ते सर्वांत आधी काढा, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला तेच लागतं. इथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात, त्यांना डिस्चार्ज बुक वाचता येतं. रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. मी तिथेच शिकले.

मुलांच्या शिक्षणासाठी दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका. पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक पदवीसाठी आहे: इंजिनिअरिंग, वैद्यकीय, बी.एड. यांसारख्या अभ्यासक्रमांना. मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये. दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी. बारावी, डिप्लोमा किंवा ज्या परीक्षेवर प्रवेश मिळाला तिच्यात किमान ६० टक्के हवेत, आणि नवा अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो. दुसऱ्या वर्षी आठवण आली तर दार बंद झालेलं असतं. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा, आणि जिल्हा कार्यालयातून पडताळणी होते.

साध्या बी.ए., बी.कॉम.साठी ही शिष्यवृत्ती नाही. तिथे शैक्षणिक अनुदान आहे, हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांच्या कुटुंबांसाठी, पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत. मागचं वर्ष पास झाल्याची गुणपत्रिका जोडून अर्ज करायचा. १ नोव्हेंबर २०२५पासून आलेल्या अर्जांना ही रक्कम महिना १,०००वरून २,००० रुपये झाली. त्याच तारखेपासून मुलीच्या लग्नाचं अनुदान ५०,०००वरून १,००,००० रुपयांवर गेलं. ते दोन मुलींपर्यंत मिळतं, विधवेच्या पुनर्विवाहालाही मिळतं. लग्नानंतर १८० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, तेव्हा लग्नाची नोंदणी लांबवू नका.

घरपट्टीचीही सूट आहे. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजनेतून २०२०पासून राज्यातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना ती मिळते. जिल्हा कार्यालयाचं प्रमाणपत्र घेऊन ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत अर्ज द्यायचा. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचं काय

कमी वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनशिवाय घरी आलेले जुने सैनिक गावोगाव आहेत, आणि त्यांच्या विधवा तर त्याहून जास्त हलाखीत. हवालदारापर्यंतचा हुद्दा, वय ६५च्या पुढे आणि कोणतीही लष्करी पेन्शन नाही, अशांना केंद्राच्या निधीतून निर्वाह अनुदान मिळतं. तेही नोव्हेंबर २०२५पासून महिना ४,०००वरून ८,००० रुपये झालंय. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तरी हताश होऊ नका. आर्मी नंबर माहीत असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून सेवेचा दाखला मागवता येतो. नंबर कुठे सापडेल? जुन्या मनीऑर्डरच्या पावत्यांवर, पदकाच्या कडेला कोरलेला, किंवा अशाच एखाद्या ट्रंकेच्या झाकणावर.

काम अडलं तर

एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात, कोणाला काय दिलं, पोच मिळाली का. तोंडी उत्तरावर परत फिरू नका, ‘हे लेखी द्या’ असं नम्रपणे पण ठामपणे सांगा. एका कार्यालयात मला तीन वेळा तोच कागद पुन्हा आणायला लावला. चौथ्या वेळी मी वहीतली आधीच्या पोचांची पानं दाखवली आणि त्याच दिवशी फाइल पुढे गेली.

आधी स्पर्शवरच तक्रार नोंदवा. तिथे हललं नाही तर संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाचं रक्षा पेन्शन शिकायत निवारण पोर्टल आहे, १४ जानेवारी २०२२ला सुरू झालेलं. हक्क नाकारलाच गेला, म्हणजे विशेष पेन्शनऐवजी साधी दिली किंवा अपंगत्व सेवेमुळे नाही असं ठरवलं, तर आधी विभागाकडे अपील, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

शेवटचं काम वयाचं. ८० पूर्ण झाल्यावर मूळ फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के वाढ होते, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५०, आणि शंभरी गाठली की १०० टक्के. वाढ ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागते, पण रेकॉर्डमध्ये जन्मतारीख असेल तरच. कितीतरी आजी ऐंशी उलटून गेल्या तरी जुन्याच रकमेवर आहेत, कारण पीपीओवर ती जागा रिकामी आहे. आपल्या घरच्या आजीची स्लिप आजच उघडून बघा. माझ्या आईला पुढच्या वर्षी ८० पूर्ण होतील. तिची जन्मतारीख आता दिवस, महिना, वर्षासकट पीपीओवर आहे, आणि नावापुढचं ‘बाई’सुद्धा.